पेटीचा माग प्लॉटपर्यंत, कंटेनरचा माग कुठपर्यंत?

तासगाव, पलूस किंवा कवठेमहांकाळ तालुक्यातून युरोपला गेलेल्या द्राक्षाच्या पेटीचा इतिहास विचारा, तो मिनिटांत सापडतो. अपेडा या केंद्राच्या कृषी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन प्रणालीवर बागेची नोंदणी, प्लॉटचा नंबर, फवारणीच्या औषधांच्या अंशाचा (रेसिड्यूचा) प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाउसचा क्रमांक, सगळं एकमेकांना बांधलेलं असतं. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशावरून युरोपात आपली द्राक्षं अडकली होती. तो हंगाम इथले जुने बागायतदार अजून विसरलेले नाहीत. त्यानंतर तपासणी अधिक कडक झाली, शेतकऱ्यानं कुरकुर केली आणि पाळलीही. रॉटरडॅमच्या गोदामात आज एखाद्या पेटीत दोष निघाला, तर त्याचा माग थेट आपल्या शिवारातल्या गटनंबरापर्यंत काढता येतो.

आता त्याच पेटीबद्दल दुसरा प्रश्न विचारा. वाटेतल्या ज्या बंदरात ती एका बोटीवरून उतरली आणि दुसऱ्या बोटीवर चढली, तिथे तिचा कंटेनर किती दिवस पडून होता? त्यातले किती तास विजेविना? हे उत्तर कंटेनरच्या यंत्रात आणि शिपिंग लाइनच्या, म्हणजे जहाज कंपनीच्या, संगणकात असतं, पण माल पाठवणाऱ्याला ते मिळेलच अशी सक्ती कुठेही नाही. शेतकऱ्यानं कोणत्या दिवशी काय फवारलं ते सांगितलंच पाहिजे, लाइननं मात्र कंटेनर कुठे ठेवला हे सांगितलं तर उपकार. निर्यातीच्या मालाचं संरक्षण म्हणून ज्या गोष्टी बोलल्या जातात, त्यात मला सगळ्यात निकडीची वाटते ती ही विषमता मोडण्याची. बोट बदलतानाची नोंद मालवाल्याला मिळणं हा त्याचा कायदेशीर हक्क व्हायला हवा.

न्हावा शेव्याहून सुटणारी प्रत्येक बोट गिऱ्हाइकाच्या बंदरात जात नाही. युरोपच्या मोठ्या बंदरांना थेट सेवा आहेत, आणि द्राक्षवाले शक्यतो त्याच धरतात. पण जागा मिळाली नाही, दर परवडला नाही किंवा बंदर लहान असलं की माल मधे उतरतो: कोलंबो, ओमानचं सलालाह, दुबईचं जेबेल अली, सिंगापूर, मलेशियाचं पोर्ट क्लांग. सांगलीची हळद मोरोक्कोला जायची तर भूमध्य समुद्राच्या तोंडाशी टँजर मेड किंवा अल्जेसिरासला बोट बदलणं आलंच. म्हणजे ट्रान्सशिपमेंट, वाटेत बोट बदलणं, ही आपल्याकडच्या मालाची रोजची वाट आहे, अपवाद नव्हे.

आपल्या सांगली जिल्ह्याला हा प्रकार तसा नवा नाही. मिरज जंक्शनात एके काळी तीन गेज एकत्र येत होते. बार्शी लाइट रेल्वेची नॅरो गेज, दक्षिणेकडून येणारी मीटर गेज आणि पुण्याकडची ब्रॉड गेज. गेज बदलली की माल एका डब्यातून दुसऱ्या डब्यात भरावा लागे. पोती फाटत, डाग हरवत, भांडणं होत. पण व्यापारी सांगलीहून टांग्यानं जाऊन यार्डात उभा राहू शकत होता. सलालाहच्या यार्डात तासगावचा निर्यातदार उभा राहू शकत नाही, आणि त्याच्या वतीनं तिथे उभं असणारंही कुणी नसतं. टर्मिनल सांभाळतं ते आपल्या गिऱ्हाइकाला, म्हणजे लाइनला. आपण त्या टर्मिनलचे कुणीच नसतो, कारण आपला त्याच्याशी करारच नाही.

त्या यार्डात नेमकं काय होतं ते थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण ‘वाटेत माल खराब झाला’ या एका वाक्यात अनेक वेगवेगळे घोटाळे लपतात.

रीफर कंटेनर थंडी तयार करतो, पण त्यासाठी वीज त्याला बाहेरून लागते. रस्त्यावर जेनसेट, बोटीवर बोटीचा प्लग, यार्डात यार्डाचा प्लग. एकदा बोट बदलायची म्हणजे प्लग दोनदा निघतो आणि दोनदा लागतो. प्रत्येक वेळी दोन-तीन तास गेले तर बंद, भरलेल्या कंटेनरला फारसं काही होत नाही. तासांचे अर्धा-एक दिवस झाले, बाहेर चाळीस अंश असले, की शून्याच्या आसपास ठेवलेल्या द्राक्षाचं तापमान चढायला लागतं. पुन्हा प्लग लागला की पेटीत दव धरतं. पेटीतला ग्रेप गार्डचा, म्हणजे बुरशी रोखायला सल्फर डायऑक्साइड वायू सोडणारा, कागद ओलाव्यानं एकदम जास्त वायू सोडतो, मणी पांढरट पडतात. किंवा वायू आधीच संपून गेलेला असतो आणि पुढच्या पंधरा दिवसांत बुरशी धरते. देठ तपकिरी होतो, मणी सुटतात. हे सगळं दिसतं ते शेवटच्या बंदरात दार उघडल्यावर. तोवर यंत्र पुन्हा व्यवस्थित चालू असतं आणि बाहेरच्या पडद्यावर आकडा बरोबर दिसत असतो!

हळदीचं दुखणं वेगळं. तिला प्लग लागत नाही, म्हणून तिची कुणी काळजीही करत नाही. साध्या कंटेनरचं छप्पर दिवसभर तापतं आणि रात्री गार होतं. हळदीतला, पोत्यातला, लाकडी पॅलेटमधला ओलावा दिवसा हवेत येतो, रात्री छपराला आतून थेंब धरतात आणि वरच्या थरावर टपकतात. निर्यातदार आत ओलावा शोषणाऱ्या पिशव्या टांगतो, बाजूला क्राफ्ट पेपर लावतो. पण हे सगळं ठरावीक दिवसांच्या प्रवासाचा अंदाज धरून केलेलं असतं. कंटेनर ठरलेल्या बोटीवर चढलाच नाही आणि पुढच्या बोटीवर ढकलला गेला, ज्याला धंद्यात ‘रोल झाला’ म्हणतात, की त्या पिशव्यांची क्षमता यार्डातच संपते. पुढच्या समुद्रप्रवासाला माल उघडा पडतो. २०२४ मध्ये सिंगापूरला बोटींना धक्क्याला लागायलाच दिवसचे दिवस थांबावं लागत होतं. त्याआधी, नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपच्या बोटी आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागल्या. वेळापत्रकं कोलमडली की त्याचा ताण सगळ्यात आधी बोट बदलायच्या बंदरावर येतो.

सीलचंही तसंच. २०१७ पासून निर्यातदार स्वतः कंटेनर भरून त्याला कस्टमची ई-सील लावतो, ती न्हावा शेव्याला वाचली जाते. पुढच्या बंदरात ती वाचायला कुणी बांधील नाही. तस्कर सरळ व्यापाराच्या कंटेनरात अमली पदार्थ टाकून त्याच नंबरची बनावट सील लावतात, हा प्रकार जगभरच्या पोलिसांना माहीत आहे. मधल्या बंदरात सील कोणत्या अवस्थेत होती याची नोंद नसेल, तर संशय सुरू होतो तो कंटेनर भरणाऱ्यापासून.

नुकसान झालं की ते कुणाच्या अंगावर येतं? पुस्तकात लिहिल्याप्रमाणे एफओबीच्या सौद्यात माल बोटीवर चढला की जोखीम खरेदीदाराची. प्रत्यक्षात द्राक्षाचा बराच व्यवहार माल तिकडे विकून येईल त्या भावावर चालतो. आयातदार फोटो पाठवतो, सर्व्हेचा कागद पाठवतो, क्वालिटी क्लेम लावतो आणि हिशेबातून रक्कम कापतो. निर्यातदार तो कागद बागायतदारापुढे ठेवतो. बागायतदारानं जानेवारी-फेब्रुवारीत काढून दिलेल्या मालाचा उरलेला पैसा एप्रिल-मेमध्ये यायचा असतो, आणि येतो तो कापून. माल बागेत मऊ होता, पॅकहाउसात नीट गार झाला नव्हता, की यार्डात तापला, हे ठरवायला पुरावाच नसतो. पुरावा नसला की साखळीत सगळ्यात शेवटी उभा असलेला माणूस पैसे भरतो. व्यापारी पैसे बुडवून पळून गेला तर तासगाव-मिरजेत मोर्चे निघतात, पोलिसांत तक्रारी होतात, पेपरात बातम्या येतात. अशा कापाकापीबद्दल मात्र कुठे मोर्चा निघत नाही, कारण कुणाच्या नावानं काढायचा हेच ठाऊक नसतं.

इथे निर्यातदार म्हणतात, विमा आहे की. विम्याच्या कागदाकडे मात्र आपल्याकडे बँकेला लागणारा एक फॉर्म म्हणूनच बघितलं जातं. सागरी मालाच्या विम्यात ए, बी आणि सी असे तीन प्रकारचे क्लॉज असतात. सीआयएफ सौद्यात, म्हणजे भाडं आणि विमा विक्रेत्याकडे असतो तिथे, विक्रेत्यानं किमान सी घेतला तरी चालतं, आणि स्वस्त म्हणून तोच घेतला जातो. सी मध्ये आग, जहाज बुडणं, टक्कर असले मोठे अपघात येतात. क्रेनवरून माल उतरवताना किंवा चढवताना खाली पडून गेला, तर सी पैसे देत नाही. त्यासाठी बी किंवा ए हवा. म्हणजे ज्या बंदरात कंटेनर दोनदा जास्तीचा उचलला जाणार आहे, नेमकी तिथलीच जोखीम आपण विम्यातून वगळून निघतो. ए घेतला तरी उशिरामुळे झालेलं नुकसान त्यात नसतं. १९६३ च्या आपल्या सागरी विमा कायद्यातही, पॉलिसीत वेगळं लिहिलं नसेल, तर उशिराची जबाबदारी विमा कंपनीवर नाही. रीफरच्या यंत्राचा विमा वेगळा काढावा लागतो, आणि अनेक पॉलिसींत यंत्र सलग २४ तास बंद पडलं तरच तो लागू होतो. यार्डात प्लग लावायचा राहून गेला, म्हणजे यंत्र ‘बंद पडलं’ असं होत नाही.

मग लाइनवर दावा? याबाबतीत आपल्याकडे एक गैरसमज आहे की कायदाच लाइनच्या बाजूचा आहे आणि भरपाईची मर्यादा इतकी कमी आहे की दावा करून उपयोग नाही. मर्यादा तितकी वाईट नाही. डागामागे, म्हणजे नगामागे, ६६६.६७ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) किंवा किलोमागे २ एसडीआर, यातलं जे जास्त असेल ते. दोन एसडीआर म्हणजे आजच्या दरानं दोनशे रुपयांच्या वर. द्राक्ष, हळद, बेदाणा यांच्या सर्वसाधारण भावाला एवढी मर्यादा बहुतेक वेळा पुरते. गाडी अडते ती पुराव्यावर. लाइनला मालाच्या अंगच्या दोषाचा बचाव उपलब्ध असतो आणि नाशवंत मालाच्या बाबतीत तो सहज खपतो. नुकसान वरून दिसणारं नसेल तर तीन दिवसांत लेखी कळवायचं, वर्षाच्या आत दावा दाखल करायचा. या मुदतीत परक्या बंदरातली नोंद गोळा करणं लहान निर्यातदाराला जमत नाही.

ती नोंद मिळाली तर काय होतं, याचं उदाहरण जुनं आहे पण आपल्याला अगदी लागू पडणारं आहे. १९८४ मध्ये लंडनच्या न्यायालयात मेह्यू फूड्स या कंपनीचा खटला चालला. इंग्लंडहून जेद्दाहला निघालेला गोठवलेल्या कोंबडीचा कंटेनर मधे फ्रान्सच्या ला हाव्र बंदरात उतरवला होता. त्या मुक्कामात त्याचं तापमान उणे १८ ऐवजी शून्याच्या वर दोन-चार अंश लावलेलं होतं. माल सडला. माल धक्क्यावर होता तेव्हा आमची जबाबदारी मर्यादित होती, असं वाहतूकदाराचं म्हणणं होतं. न्यायालयानं ते मानलं नाही. पहिल्या बोटीवर माल चढल्यापासून शेवटच्या बंदरात उतरेपर्यंत, मधला मुक्काम धरून, जबाबदारी सलग आहे असं ठरलं. तापमान चुकीचं लावलं होतं हे उघड झालं म्हणूनच हा मुद्दा न्यायालयासमोर इतक्या स्वच्छपणे येऊ शकला.

दोन वर्षांपासून या विषयावर कुठेही बोललं की सभागृहातून एक उत्तर हमखास येतं: आपली बंदरं उभी राहिली की प्रश्न मिटेल. केंद्र सरकारच्याच सांगण्यानुसार भारताच्या ट्रान्सशिपमेंट मालापैकी सुमारे ७५ टक्के माल परदेशी बंदरांत हाताळला जात आला आहे, तेव्हा या उत्तराला वजन आहेच. केरळच्या विळिंजम बंदराचं लोकार्पण मे २०२५ मध्ये झालं. पालघरच्या वाढवण बंदराची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. पैसा देशात राहील, दिवस वाचतील, हे मान्य. पण माल सुरक्षित राहील असं त्यातून आपोआप निघत नाही. विळिंजमचं लोकार्पण होऊन महिनाही झाला नव्हता, तेव्हा तिथून कोचीला निघालेलं एमएससी एल्सा ३ हे जहाज केरळच्या किनाऱ्याजवळ ६४० कंटेनर घेऊन बुडालं. पुढच्याच महिन्यात कोलंबोहून न्हावा शेव्याला येणाऱ्या वान हाय ५०३ या जहाजाला आग लागली. यात विळिंजमचा किंवा कोलंबोचा दोष होता असं मी म्हणत नाही. मुद्दा इतकाच की बंदरावर झेंडा कुणाचा आहे त्यावर कंटेनरचं भवितव्य ठरत नाही.

शेजारी कुणाचा कंटेनर येणार हेही आपल्या हातात नसतं. २०२१ मध्ये कोलंबोसमोर जळालेल्या एक्स-प्रेस पर्ल जहाजावर नायट्रिक अॅसिडचा एक कंटेनर गळत होता. हे आधी कळलंही होतं. तो उतरवून घ्यायला कतारच्या हमद बंदरानं आणि गुजरातच्या हजिरानं नकार दिला होता. बाकीच्या शेकडो कंटेनरांच्या मालकांना आपल्या मालाबरोबर काय प्रवास करतंय याचा पत्ता नव्हता. (रांजणीच्या ड्रायपोर्टवर, म्हणजे समुद्रापासून दूर कंटेनर हाताळायच्या केंद्रावर, आपल्याकडे किती वर्षं चर्चा चाललीय! तो झाला तर चांगलंच, पण कंटेनर कवठेमहांकाळात भरला काय आणि न्हावा शेव्याजवळ भरला काय, त्याच्या पुढच्या वाटेवर त्याचा काहीच परिणाम होणार नाही.)

सरकारनं करायची गोष्ट त्यामानानं लहान आहे. समुद्रमार्गे मालवाहतुकीचा १९२५ चा कायदा बाजूला करून संसदेनं २०२५ मध्ये नवा कायदा केला. त्याच्या परिशिष्टातले नियम मात्र मूळचे १९२४ साली ब्रसेल्समध्ये ठरलेले. पण नव्या कायद्यानं केंद्र सरकारला निर्देश काढण्याचा आणि परिशिष्टात बदल करण्याचा अधिकार दिला आहे; पुन्हा संसदेत जायची गरज नाही. शिवाय जुन्याच नियमात एक वाक्य आहे: नुकसान झालं असेल किंवा तशी शंका असेल, तर वाहतूकदार आणि माल घेणारा यांनी मालाची तपासणी व मोजणी करण्यासाठी एकमेकांना वाजवी सोयी द्याव्यात. १९२४ मध्ये तपासणी म्हणजे दार उघडून डोळ्यांनी बघणं. आज रीफरचा तापमान लॉग, म्हणजे यंत्रातली तापमानाची नोंद, आणि टर्मिनलच्या हालचालींची वेळ हीच तपासणी आहे. त्या वाक्याचा अर्थ आजच्या यंत्रांपर्यंत ताणून, मालवाल्यानं मागितल्यावर ठरावीक दिवसांत हा लॉग द्यावा आणि न दिल्यास दोष वाहतूकदाराकडे धरला जावा, इतका बदल पुरे. माल घेणाऱ्याइतकाच तो पाठवणाऱ्यालाही मिळायला हवा, कारण आपल्या बाबतीत मार बसतो तो पाठवणाऱ्याला. भारतीय बंदरातून परदेशी निघालेल्या मालाला हा कायदा लागू आहे, तेव्हा सलालाह आपल्या हद्दीत नाही ही सबब चालत नाही. बीएल (बिल ऑफ लेडिंग, म्हणजे लाइननं मालाची दिलेली पावती आणि कराराचा कागद) इथून निघतो.

यानं भाडं वाढेल अशी भीती घातली जाते. मोठ्या लाइन्सच्या रीफरना आता मॉडेम बसवलेले आहेत, नोंद आपोआप होते आणि मोठ्या गिऱ्हाइकांना ती पुरवलीही जाते. मग वाढीव खर्च कशाचा? लाइन्सचा खरा आक्षेप दावे वाढतील हा आहे, आणि तो आक्षेप त्यांनी तसाच मांडावा.

दुसरी हरकत अधिक प्रामाणिक आहे: निर्यातदारानं पेटीत स्वतःचा डेटा लॉगर, म्हणजे तापमान नोंदवणारं छोटं यंत्र, टाकावा, कायदा कशाला? टाकावाच. पण लॉगर हाती लागतो आयातदाराच्या. दोष लाइनचा निघाला काय आणि बागेचा निघाला काय, आयातदाराची कपात तशीच राहते, त्यामुळे लॉगर शोधून त्याची फाइल पाठवण्यात त्याला फारसा रस नसतो. सिमकार्डवर थेट माहिती पाठवणारे लॉगर मिळतात, ते महाग पडतात आणि वाढवलेला खर्च पुन्हा बागायतदाराच्याच किलोमागे बसतो.

आपल्या बाजूनंही हलगर्जी कमी नाही. बुकिंग करताना फॉरवर्डरला, म्हणजे माल पाठवायची व्यवस्था करणाऱ्या मध्यस्थाला, भाडं विचारतात, बोट कुठे बदलणार ते विचारत नाहीत. कंटेनर भरण्याआधीची यंत्रतपासणीची पावती, भरतानाच्या मालाचं तापमान, सीलचा फोटो, हे तीन कागद न बनवणारी पॅकहाउसं मी पाहिली आहेत. लाइनकडून नोंद मागायची तर आपली नोंद आधी चोख हवी, नाहीतर अंगच्या दोषाचा बचाव आपणच त्यांच्या हातात देतो.

एकटा निर्यातदार यापुढे फार जाऊ शकत नाही. एल्सा बुडाल्यावर काजू आयातदारांनी केरळ उच्च न्यायालयात जाऊन त्याच कंपनीचं दुसरं जहाज अडवून धरण्याचा आदेश मिळवला. २०१७ च्या अॅडमिरल्टी (सागरी दाव्यांच्या) कायद्यानं ती वाट मुंबई उच्च न्यायालयातही आहे. पण ते दावे कोट्यवधींचे होते. एका कंटेनरच्या द्राक्षासाठी कुणी जहाज अडवायला जाणार नाही, वकिलाची फीच परवडायची नाही. इथे द्राक्ष बागायतदार संघ, हळदीचे व्यापारी, बेदाण्याचे व्यापारी यांनी एकत्र येऊन हंगामाची एक सामाईक विमा पॉलिसी काढली, ए क्लॉज आणि यंत्राची जोड धरून, तर विमा कंपनी लाइनशी भांडायला स्वतःच पुढे येते. पैसे दिल्यावर वसुलीचा हक्क तिच्याकडे जातो आणि वकील तिच्याकडे कायम असतात. त्याच गटानं लाइनकडे बोट बदलायचं बंदर आणि तिथला लॉग लेखी मागितला तर त्याला उत्तर द्यावं लागतं. दहा कंटेनरवाल्याला लाइन ओळखत नाही, हजार कंटेनरवाल्याला तिचा विक्री अधिकारी स्वतः फोन करतो.

ही मागणी करायची वेळही ठरलेली आहे. फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होते, तेव्हाच पुढच्या हंगामाच्या कंटेनरांचा अंदाज बांधता येतो आणि लाइन्सही आगाऊ दर सांगायला तयार असतात. जानेवारीत माल पिकून उभा असताना, रिकामे रीफर मिळवायची धावपळ चालू असताना, लॉग देणार का असं विचारणाऱ्याला फॉरवर्डर दुसरी लाइन शोधा म्हणतो.